वेकबोर्डच्या बोटीला ऑटो स्पीड कंट्रोल: आधी थ्रॉटलची केबल हलवून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत असलेली) बोट, ५.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, थ्रॉटल केबलवर चालणारा. मागे वेकबोर्डवर (बोटीने दोरीने ओढायच्या फळीवर) रायडर असला की स्पीड एकसारखा राहत नाही, कधी ताशी ३२ किलोमीटर तर कधी ३८, आणि रायडर वैतागतात. ऑटोमॅटिक स्पीड कंट्रोल बसवायचा आहे. जीपीएसवाला घ्यावा की आरपीएमवाला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे मोजणारा? मोटारीचा क्रूझ कंट्रोल काढून बसवला तर चालेल का? आणि हे काम आपलं आपल्याला जमेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जमेल. किंबहुना केबलचा थ्रॉटल आहे म्हणूनच जमेल. दोन माणसं आणि एक पूर्ण दिवस धरून चाला. मी अशा बऱ्याच बोटींना किट बसवली आहेत, आणि त्याहून जास्त बोटी 'किट बसवलंय पण चालत नाही' म्हणून माझ्याकडे आल्या आहेत. त्या दुसऱ्या गटातल्या बहुतेक बोटींमध्ये किटचा दोष नव्हता. दोष होता थ्रॉटलच्या आर्मपाशी (इंजिनावरची केबल जोडलेली पट्टी), केबलच्या शेवटच्या वीतभर अंतरात. जीपीएस की आरपीएम यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि ती वीतभर जागा कुणी बघत नाही.

म्हणून किट मागवायच्या आधी हे करा. इंजिन बंद, इंजिनावरचं झाकण उघडं. एकाला स्टिअरिंगपाशी बसवा आणि थ्रॉटलचा दांडा अगदी सावकाश पुढे न्यायला सांगा. तुम्ही इंजिनाजवळ डोळे आर्मवर ठेवून बसा. दांडा हलायला लागल्यावर आर्म हलायला किती वेळ लागतो ते बघा. मग दांडा तिथेच धरून ठेवायला सांगा आणि आर्म दोन बोटांत धरून मागेपुढे हलवा. एखाद-दीड मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलाई, असेल तर ठीक. तीन-चार मिलिमीटर लागला तर तुमच्या ३२-३८ चं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. तो प्ले केबलच्या टोकाच्या झिजलेल्या पिनेत असतो, नाहीतर केबलचं आवरण धरणारा क्लॅम्प ढिला असतो, नाहीतर दांड्याच्या डब्यातली बुश गेलेली असते. केबल दोन्ही टोकांनी सोडवून हाताने सरकवून बघा. अडखळत असेल तर ती बदला. आत तेल सोडून अशी केबल दोन दिवस बरी चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा अडखळते. दांडा पूर्ण मागे आणला की आर्म आयडलच्या स्क्रूला टेकतो का, पूर्ण पुढे नेला की थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का, हेही बघून घ्या. जुन्या बोटीत पूर्ण उघडत नसलेला थ्रॉटल मला इतक्या वेळा सापडला आहे की आता आश्चर्य वाटत नाही.

आणखी एक फुकटची गोष्ट. दांड्याच्या डब्यात बहुतेक ठिकाणी घर्षण कमीजास्त करायचा एक स्क्रू असतो. तो ढिला झाला की इंजिनाच्या स्प्रिंगमुळे आणि कंपनाने दांडा आपोआप मागे सरकत राहतो. चालकाला वाटतं आपण हात हलवला नाही, पण आरपीएम पाच-सात मिनिटांत शंभर-दीडशेने खाली आलेला असतो. हा स्क्रू थोडा आवळून एकदा पाण्यावर जाऊन या. दोन-तीन जणांनी यानंतर किट घ्यायचा विचारच सोडला. पण दांडा जड होईपर्यंत आवळू नका, संकटात तो एका झटक्यात मागे यायला हवा.

आता मोटारीच्या क्रूझ कंट्रोलबद्दल. नको, आणि कारण पैशाचं नाही. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाला साचते. तिथे बसणारी प्रत्येक विजेची वस्तू, म्हणजे स्टार्टर, आल्टरनेटर, पंप, अशी बनवलेली असते की आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवणार नाही. यासाठी एसएई जे ११७१ आणि आयएसओ ८८४६ अशी मानकं आहेत आणि मरीन भागावर तसा शिक्का असतो. मोटारीच्या भागाला हा शिक्का नसतो, कारण मोटारीचं इंजिन खालून उघडं असतं आणि वाफ वाहून जाते. बोटीचा कप्पा म्हणजे झाकलेला हौद. शिवाय मोटारीचा क्रूझ कंट्रोल बनलाय तो चाकाच्या स्पीडवर आणि हळूहळू बदलणाऱ्या चढ-उतारावर. वेकबोर्डचा रायडर दर काही सेकंदांनी दोरीला हिसका देतो. हा चढ दर पाच सेकंदांनी येतो आणि जातो.

तो हिसका नेमका कसा येतो हे समजलं तर पुढचा जीपीएस-आरपीएमचा वाद आपोआप सुटतो. रायडर लाटेच्या बाहेर जातो, बोर्डाची कड पाण्यात रुतवतो आणि आत वळतो. त्या क्षणी दोरी ताणली जाते, बोट मागे खेचली जाते, आणि पंख्यावरचा (प्रॉपेलरवरचा) भार वाढल्याने आधी आरपीएम पडतो. दोन टनांची बोट लगेच हळू होत नाही, तिचा स्पीड जरा नंतर उतरतो. चालकाला काट्यावर किंवा अंगाला जाणवेपर्यंत एखादा सेकंद गेलेला असतो. मग तो गॅस देतो. तोवर रायडर लाटेच्या माथ्यावरून उडालेला असतो, दोरी सैल झालेली असते, आणि चालकाने दिलेला गॅस अशा वेळी पोचतो जेव्हा बोटीवर ओझंच नाही. बोट पुढे उसळते आणि रायडर उतरताना दोरी त्याला ओढून पाडते. चांगला, मन लावून चालवणारा चालकसुद्धा असा उलट्या तालात सापडतो. त्यात त्याची चूक नाही, माणसाची प्रतिक्रियाच तेवढी संथ असते. कधीकधी गॅसला हात न लावणारा आळशी चालक रायडरला जास्त आवडतो, तो यामुळेच.

म्हणजे आरपीएम हा चटकन कळणारा इशारा आहे, पण तो खरा स्पीड सांगत नाही. जीपीएस खरा स्पीड सांगतो, पण उशिरा. साध्या जीपीएसला सेकंदाला एकच वाचन मिळतं, आणि ताशी ३६ किलोमीटरला बोट एका सेकंदात १० मीटर पुढे गेलेली असते. स्पीड कंट्रोलच्या कामाचे जीपीएस सेकंदाला अनेकदा वाचतात, तरी नुसत्या त्यावर थ्रॉटल हलवला तर उशीर राहतोच. म्हणून चांगल्या किटमध्ये दोन्ही असतं. आतल्या बाजूला आरपीएम धरून ठेवणारं जलद चक्र, आणि बाहेरून जीपीएस बघत 'आज ३५ साठी ३,०५० नाही, ३,२०० लागतात' असं त्या आरपीएमचं लक्ष्य हळूहळू सरकवणारं संथ चक्र. जुनी किट अशी का नव्हती, तर २ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत होती. त्या काळातल्या किटमध्ये नुसता आरपीएम असायचा, नाहीतर तळाला लावलेलं छोटं पॅडलव्हील. पॅडलव्हीलमध्ये शेवाळ अडकलं की काटा खाली आणि बोट सुसाट. वाऱ्याचा दाब मोजावा तसा पाण्याचा दाब मोजणारी पिटो नळी तर डॅशबोर्डवरच्या साध्या स्पीडोमीटरला असते, आणि तिच्या भोकात एक वाळूचा कण पुरतो.

मग तुम्ही कुठला घ्यावा? तळं किंवा धरणाचं साठलेलं पाणी असेल आणि पैसे असतील तर जीपीएस आणि आरपीएम दोन्ही असलेला घ्या. परफेक्ट पास या कॅनडातल्या कंपनीने केबलच्या जुन्या बोटींसाठी अशी किट बनवलेली आहेत, स्टार गेझर हे त्यांचं जीपीएसवालं. झिरो ऑफ हे दुसरं नाव तुम्ही ऐकलं असेल, ते स्पर्धेच्या वॉटर स्कीइंगमध्ये जास्त दिसतं. तिथली गरज वेगळी आहे. स्लॅलमचा (बोयांना वळसे घालत जायचा) मार्ग २५९ मीटरचा, ताशी ५८ किलोमीटरला तो १६.०८ सेकंदांत पार व्हायला हवा, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाचा हिशेब होतो. वेकबोर्डिंगला घड्याळ नाही. रायडरला लाट रोज सारखी हवी आणि दोरीचा ताण अंदाजात बसायला हवा. त्यामुळे स्कीवाल्यांचे सल्ले ऐकून जास्तीचे पैसे घालू नका.

वाहत्या नदीत मात्र माझं मत उलटं आहे. जीपीएस स्पीड मोजतो जमिनीच्या मानाने, आणि लाट बनते पाण्याच्या मानाने. पाण्याला ताशी ३ किलोमीटरचा ओढ असेल आणि तुम्ही ३५ लावले, तर वर जाताना बोट पाण्यात ३८ ने चालते आणि खाली येताना ३२ ने. एकाच दिवशी दोन वेगळ्या लाटा, दोन वेगळे रायडर. तिथे आरपीएम मोडच बरा. दोन्ही मोड असलेलं किट घेतलंत की हा प्रश्न बटणावर सुटतो.

नुसत्या आरपीएम मोडची खोड अशी की ओझं बदललं की आकडा बदलतो. बॅलास्टच्या (वजन वाढवायला पाणी भरायच्या) पिशव्या भरल्या, चार माणसं वाढली, की त्याच ३,००० आरपीएमला स्पीड दोन-तीन किलोमीटरने खाली. रोज एक-दोनदा आकडा सुधारून घ्यायची तयारी असेल तर वेकबोर्डला हे चालून जातं, कारण ताशी ३० ते ३८ च्या पट्ट्यात बोट पाण्यावर उठलेली असते आणि आरपीएम व स्पीड यांचं नातं सरळ असतं. वेकसर्फिंगला, म्हणजे बोटीच्या लाटेवर दोरी सोडून फळी चालवण्याला, हे चालत नाही. तिथे ताशी १६ ते १९, बोट भरलेली, नाक वर, पूर्ण उठलेलीही नाही आणि बसलेलीही नाही. या उंबरठ्यावर एकाच आरपीएमला दोन स्पीड असू शकतात. शंभर आरपीएम जास्त दिले की बोट एकदम उठते आणि स्पीड झपकन चढतो. सर्फिंग करणार असाल तर जीपीएस हवाच. आणि विषय निघालाच आहे म्हणून, सर्फिंग फक्त पंखा बोटीखाली लपलेल्या इनबोर्डच्या मागे, किंवा पंखा पुढे तोंड केलेल्या ड्राइव्हच्या मागे. आउटबोर्ड किंवा साध्या स्टर्नड्राइव्हच्या (पंखा बोटीच्या मागे बाहेर असलेल्या) मागे नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

बसवणीतल्या मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी सांगतो, बाकी किटच्या पुस्तकात असतं. सर्व्हो मोटर, म्हणजे किटमधली थ्रॉटल हलवणारी मोटर, थ्रॉटल केबलच्या ब्रॅकेटजवळ बसते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ठेवा, आणि तिची केबल मोठ्या गोलाईत वळवा, कोपऱ्यात मुडपू नका. आवरण दोन्ही टोकांना घट्ट धरलेलं हवं. ते जरा हललं तरी सर्व्होची अर्धी हालचाल आवरण हलवण्यात जाते, थ्रॉटलपर्यंत पोचतच नाही. वीज बॅटरीकडून स्वतंत्र आणा, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच, आणि वायर कल्हई केलेली. स्टिरिओच्या वायरला जोड देऊन काम भागवू नका.

आरपीएमचा संकेत टॅकोमीटरच्या वायरवरून घेतात, मरीन वायरिंगमध्ये ती बहुधा करड्या रंगाची असते. सेटिंगमध्ये सिलिंडरांची संख्या विचारतात तिथे नीट बघून भरा. चार-स्ट्रोक व्ही-८ एका फेऱ्यात चार ठिणग्या देतं, व्ही-६ तीन. तुमच्या व्ही-८ ला चुकून सहा सिलिंडर सांगितले तर ३,००० ऐवजी ४,००० दिसतील, आणि यंत्र आयुष्यभर त्या खोट्या आकड्याशी भांडत बसेल. ही वायर प्लगच्या वायरींच्या शेजारून नेऊ नका. पाण्यावर दांडा स्थिर असताना दिसणारा आरपीएम दोनशे-तीनशेने उड्या मारत असेल तर आधी अर्थिंग तपासा.

आणि इंजिन. मिसिंग मारणाऱ्या किंवा आयडलला झुलणाऱ्या इंजिनाला स्पीड कंट्रोल लावणं म्हणजे लंगड्या घोड्याला चाबूक. प्लग, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, कार्ब्युरेटर असेल तर त्याचा अ‍ॅक्सिलरेटर पंप, हे आधी.

जीपीएसच्या अँटेनाला वर आकाश दिसलं पाहिजे. फायबरग्लासखाली चालते, धातूखाली नाही. यावरून एक माझीच फजिती. एका बोटीला अँटेना डॅशवर लावली, काठावर सगळं झकास, पाण्यावर दोन फेऱ्या झकास, आणि तिसऱ्या फेरीत कंट्रोल सुटला. परत आलो, केबल उघडली, आवळली. पुन्हा तेच. दुसऱ्यांदा सर्व्होच काढला. शेवटी कळलं की प्रत्येक रायडर पाण्यातून वर आला की ओला टॉवेल डॅशवर टाकत होता, थेट अँटेनावर. जीपीएसचा संकेत मुळात क्षीण, त्यात पाणी तो शोषून घेतं. माझा अर्धा दिवस त्या टॉवेलखाली गेला. तेव्हापासून अँटेना अशा जागी लावतो जिथे कुणाला काही ठेवताच येणार नाही.

सगळ्यात मोठी कसोटी एकच: हाताने दांडा मागे ओढला की सर्व्होचं काहीही चाललेलं असो, थ्रॉटल बंद झालाच पाहिजे. जोडणीची रचना किटगणिक वेगळी असते, पण ही अट बदलत नाही. इंजिन बंद ठेवून, वीज चालू ठेवून, सर्व्होला थ्रॉटल उघडायला लावा आणि दांडा मागे ओढा. आर्म आयडलच्या स्क्रूला टेकला पाहिजे, अडखळता कामा नये. मग सर्व्हो उघडा असतानाच फ्यूज काढा. तेव्हाही स्प्रिंगने थ्रॉटल परत यायला हवा. घरी छोटा कंट्रोलर आणि मोटर घेऊन स्वतः यंत्र बनवणारे हुशार लोक मला भेटतात, त्यांचं प्रोग्रॅमिंग माझ्यापेक्षा चांगलं असतं. पण ते नेमके याच परीक्षेत नापास होतात, कारण त्यांनी वर्म गिअरची मोटर घेतलेली असते. वर्म गिअर उलटा फिरत नाही. वीज गेली की थ्रॉटल जिथे असेल तिथे अडकून बसतो, आणि ते 'तिथे' ३,५०० आरपीएमला असू शकतं. क्लच असलेली, वीज जाताच मोकळी होणारी मोटर नसेल तर हा खेळ खेळू नका.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची बोट नवी असेल आणि थ्रॉटल केबलऐवजी वायरवर चालत असेल, तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. तिथे दांड्याच्या सेन्सरमधून दोन वेगळे संकेत इंजिनाच्या संगणकाला जातात आणि तो ते एकमेकांशी ताडून पाहतो. मध्येच वायर कापून काही घुसवलंत आणि दोन्ही जुळले नाहीत, तर इंजिन रांगायला लागतं. त्या इंजिनासाठीच बनलेलं मॉड्यूल घ्या आणि जाणकाराकडून बसवून घ्या.

पाण्यावरची पहिली फेरी रायडरशिवाय. निघण्याआधी कप्प्यातली वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटं, आणि ओढली की इंजिन बंद करणारी किल स्विचची दोरी चालकाला अडकवलेली. शांत पाण्यात ३०, ३३, ३६ लावून प्रत्येकाला किती आरपीएम लागतात ते लिहून ठेवा, रिकाम्या बोटीला आणि भरलेल्या बोटीला वेगळं. दाखवलेला स्पीड खरा का, हे बघायला २०० मीटरवर दोन बोया टाका. ३६ ला बरोबर २० सेकंद लागले पाहिजेत. पाण्याला ओढ असेल तर दोन्ही बाजूंनी जा आणि दोन वेळांची नाही, दोन स्पीडची सरासरी काढा. मग रायडर घ्या. कंट्रोल पकडत असताना चालकाने दांडा एकदम ढकलू नये, नाहीतर स्पीड वर जाऊन खाली येतो आणि रायडर नेमका उठताना धडपडतो.

स्पीड लाटेसारखा वरखाली झुलत राहिला, म्हणजे ३४-३६-३४-३६, तर बहुतेक जण सेटिंगमधला प्रतिसाद वाढवतात. उलट करा, कमी करा. यंत्र जास्त घाईने गॅस देतंय आणि मग जास्त घाईने काढतंय. कमी करूनही झुलत असेल तर पुन्हा आर्मपाशी जाऊन प्ले बघा. रायडरने कड लावल्यावर बोट खाली जाऊन तिथेच राहत असेल, तेव्हा मात्र प्रतिसाद वाढवा, एका वेळी एकच पायरी, आणि त्याच रायडरला घेऊन. वेगळ्या वजनाचा रायडर घेतलात की तुम्ही काय बदललं आणि त्याने काय बदललं हे कळत नाही.

चालकाला एक सवय मोडावी लागेल. रायडर पडला की दांडा आधी न्यूट्रलच्या दिशेने, मग वळण. कंट्रोल चालू ठेवून जोरात वळलात तर वळणात कमी झालेला स्पीड भरून काढायला यंत्र आणखी गॅस देतं, आणि स्वतःच्याच लाटा तुमच्या पडलेल्या रायडरवर जाऊन आदळतात.

दहा तास चालवून झाल्यावर झाकण पुन्हा उघडा. केबलच्या टोकाचे चेकनट आणि ब्रॅकेटचे बोल्ट कंपनाने हमखास थोडे सुटलेले असतात. ते आवळा आणि सुरुवातीची दोन बोटांची परीक्षा पुन्हा एकदा घ्या.